वाचकांचे प्रश्न : चिंदी पांढरी निघते, तरी नळी साफ नसते

प्रश्न : वडिलांची पॉइंट ३१५ ची इशापूर रायफल वारसाने माझ्या लायसनवर आलीय, पीक संरक्षणासाठी. आधी रेंजवर पन्नास मीटरला तीन गोळ्या वाटीएवढ्या जागेत बसायच्या, आता ताटाएवढ्या पसरतात. दर वेळी तेल मारून चिंदी फिरवतो, पांढरी निघेपर्यंत. लोक म्हणतात नळी गेली, बदला. खरंच बदलावी लागेल का?
— द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : भाऊ, नळी बदलायचं आत्ताच डोक्यातून काढा. तुमची चिंदी पांढरी निघते कारण तेलाला जेवढं सुटतं तेवढंच ते सोडवतं, म्हणजे वरची सैल काजळी. खाली जे चिकटून बसलंय त्याला तेल हातही लावत नाही. वडिलांच्या काळापासून फक्त तेलावर चाललेली नळी असेल तर आत थरावर थर बसलेले असणार, आणि असे थर काढल्यावर परत पूर्वीसारखी चालायला लागलेली रायफल मी एकदा नाही, बऱ्याच वेळा बघितलीय.

आत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक कार्बन, दारू जळाल्याची काजळी. ती सगळ्यात जास्त बसते चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा, सुरू होतात तिथे, कारण आग तिथे सगळ्यात जास्त, आणि दर गोळीला भाजून भाजून ती तव्यावर करपलेल्या पिठासारखी कडक होते. दुसरं तांबं. तुमच्या काडतुसातल्या गोळीत आत शिसं असतं आणि वरून तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ आवरण, ते आट्यांवरून घासत जाताना थोडं थोडं मागे राहतं. पुढच्या गोळीची काजळी त्याच्यावर बसते, मग परत तांबं, मग परत काजळी. हे नीट समजून घ्या, कारण नुसतं तांबं सोडवणारं औषध, म्हणजे सॉल्व्हंट, घातलं तर ते वरच्या काजळीपाशीच अडतं आणि नुसतं कार्बनचं घातलं तर ते तांब्यापाशी अडतं, म्हणून आलटून पालटूनच करावं लागतं.

आधी नुसतं बघा. मॅगझिन काढा, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं आहे याची खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग बोल्टचं, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचं, डोकं वर उचलून बोल्ट मागून बाहेर काढा आणि नळीच्या तोंडाशी तिरका टॉर्च धरा. आट्यांच्या उंचवट्यांवर लालसर पट्टे चमकले तर ते तांबं.

आता साफ करताना रॉड मागूनच घालायचा, तुमच्या रायफलला ते जमतं त्यामुळे पुढून घालायचं काही कारणच नाही. रॉड एकसंध घ्या, स्क्रूने जोडायचा तीन तुकड्यांचा नको. नळीचं तोंड किंचित खाली ठेवा म्हणजे औषध ट्रिगरमध्ये आणि लाकडात उतरणार नाही, दस्त्याचं पॉलिश ते पटकन उडवतं. पहिली चिंदी कार्बन सॉल्व्हंटची, ओली करून फिरवा आणि दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, चहा घेऊन या. मग ब्राँझचा ब्रश आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी तोंडातून पूर्ण बाहेर काढून मगच मागे ओढायचा, मध्येच उलटा फिरवायचा नाही. मग कोऱ्या चिंद्या. काळ्या निघतील, मग राखाडी. नळी कोरडी करा.

आता तांब्याचं औषध, आणि इथे ब्रश नायलॉनचा. यातली बरीच औषधं अमोनियावाली असतात, खिडक्या उघड्या, हातमोजे, डोळे सांभाळा आणि घरातलं ब्लीच जवळपाससुद्धा नको, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढीच ठेवायची, रात्रभर भिजत ठेवतो म्हणणारे नळीच्या पोलादालाच त्रास देतात. मग चिंदी काढा आणि उजेडात धरा. तुम्ही बागेत फवारणीला बोर्डो करता ना, मोरचूद भिजवल्यावर पाण्याला जो निळा रंग येतो, साधारण तसा रंग चिंदीच्या कडेला दिसेल, कधी हिरवट. दोन्हीकडे धातू तोच, तांबं. निळं संपेपर्यंत हेच परत, आणि मध्येच चिंदी परत काळी यायला लागली तर घाबरू नका, उलट चांगलं झालं, तांब्याच्या खालचा जुना काजळीचा थर उघडा पडला. परत कार्बनचं औषध. इतक्या वर्षांचं साचलेलं एका बसणीत निघणार नाही, दोन-तीन संध्याकाळी जातील, जाऊ द्या.

यात एक फसगत होते. रॉडच्या टोकाचा जॅग, म्हणजे चिंदी धरणारा तुकडा, पितळेचा असेल किंवा ब्रश ब्राँझचा असेल तर त्यातही तांबंच आहे, औषध त्यालाच खातं आणि चिंदी निळी निघत राहते. माणूस आठ-आठ दिवस साफ केलेली नळी साफ करत बसतो. जॅगवर औषधाचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पांढऱ्या चिंदीने पुसून बघा, लगेच कळेल. तांब्यासाठी प्लास्टिकचा किंवा कोटिंगवाला जॅग घ्या.

शेवटी सगळं औषध पुसून कोरडं करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. चेंबर मात्र कोरडंच हवं, तिथे तेल राहिलं तर काडतुसाची पितळी पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. फायर करायच्या आधी नळीतलं तेलही कोऱ्या चिंदीने पुसायचं. आणि लगेच तीन गोळ्यांवरून निकाल लावू नका, अगदी स्वच्छ नळीतून पहिल्या काही गोळ्या इकडे तिकडे जातात, मग बसतात. त्यासाठीच मी दर वेळी तांब्यापर्यंत जाऊ नका म्हणतो. लायसनवर काडतुसं मोजकी, ती गोळ्या परत जागेवर आणण्यातच कशाला घालवायची. एरवी कार्बन काढा, तांबं गोळ्या पसरायला लागल्या की काढा.

एवढं करूनही पसरल्या तर नळीचं तोंड बघा. कापसाचा बोळा आतून बाहेर कडेवर फिरवा, तंतू अडकले तर तिथे कड खराब आहे. मी शिकत होतो तेव्हा स्क्रूवाला लोखंडी रॉड दोन वर्षं पुढून घालत होतो, रोज, मनापासून, आणि तोंडाची एक बाजू घासून गेली. गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी निसटायचा आणि गोळी तिरकी. शेवटी तोंड थोडं कापून नवीन करून घ्यावं लागलं. त्या रायफलीचं एवढं नुकसान हजारो गोळ्यांनी केलं नव्हतं. तुमच्या रायफलीबरोबर जुनी फौजी पुल-थ्रू (चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी) आली असेल तर तिचंही हेच, दोरी मळकी असेल आणि तिरकी ओढली तर ती तोंड कापते. सरळ ओढा, दोरी स्वच्छ ठेवा.

प्रश्न : तांब्याची भांडी चिंच-मिठाने चकचकीत होतात, मग बंदुकीच्या नळीतलं तांबं का निघणार नाही? एका काकांनी भांडी घासायची पावडर आणि बारीक पॉलिश पेपरही सांगितलाय.
— वाचक, सिन्नर

उत्तर : काकांचा मान ठेवून सांगतो, यातलं काहीही नळीत घालू नका. भांडं तांब्याचं असतं, नळी पोलादाची आहे. चिंचेतलं आम्ल आणि मीठ दोन्ही पोलादाला गंज आणतात, आणि मीठ आट्यांच्या कोपऱ्यात राहिलं की हवेतला ओलावा ओढत राहतं. पावडर आणि पॉलिश पेपर तर आट्यांच्या कडाच गोल करतात, गोळीला पकड त्या कडांचीच असते. तांबं परत बसतं, परत काढता येतं. गेलेली कड परत येत नाही.

प्रश्न : सर, मी कॉलेजच्या टीममध्ये आहे, पॉइंट २२ प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेमबाजी. सीनियर म्हणतात दर रविवारी कॉपर सॉल्व्हंट मार. मारू का?
— विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : नको गं. तुझ्या मॅचच्या गोळीला तांब्याचं आवरणच नसतं, नुसतं शिसं आणि वरून मेणासारखं वंगण, मग तांबं येणार कुठून? तुझ्याकडे बघायची गोष्ट म्हणजे चेंबरच्या पुढच्या टोकाशी होणारं कार्बनचं कडं. काडतूस सरकवताना शेवटी थोडं अडल्यासारखं वाटलं की समज ते झालंय. सेशननंतर मागून दोन-तीन फेल्ट (नळी पुसायचे नमद्याचे बोळे), आणि ते कडं वाढलं की थोडं कार्बन सॉल्व्हंट. साफ केल्यावर वंगणाचा थर परत बसायला दहा-वीस गोळ्या लागतात, म्हणून मॅचच्या आदल्या रात्री खरवडून साफ करू नकोस, साइटरमध्येच, म्हणजे मॅचआधीच्या सरावाच्या गोळ्यांतच, गोंधळ होईल. आणि टीममधल्या एअर रायफलवाल्यांनाही सांग, त्यांच्याकडे दारूच नाही त्यामुळे काजळी नाही, कोरडे फेल्ट पुरेत, सॉल्व्हंट आत गेलं तर सील खराब होतात.

प्रश्न : निवडणुकीत पोलीस स्टेशनला जमा केलेली रायफल परत आली, चिंदी तपकिरी निघतेय. हे पण तांबंच का?
— शेतकरी, इगतपुरी तालुका

उत्तर : नाही दादा, हा गंज आहे. काळी म्हणजे काजळी, निळी-हिरवी म्हणजे तांबं, तपकिरी म्हणजे गंज, औषधाला घाई नको आधी रंग ओळखा. २०२४ मध्ये मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा, मध्ये तुमच्याकडचा पावसाळा, जिथे कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते. माझी स्वतःची एकदा अशीच परत आली होती, कापडी कव्हरसकट, आणि कव्हर आतून ओलसर. राग खूप आला, पण तेल न लावता दिली होती ती मीच.

आत्ता पातळ तेल भरपूर लावून एक रात्र ठेवा, मग ब्राँझ ब्रश मागून हळू फिरवा, चिंदी, परत तेल. वरवरचा गंज जाईल. खड्डे पडले असतील तर ते राहतील, पण बारीक खड्डे असलेल्या नळ्याही ठीक चालतात, फक्त तिथे तांबं लवकर धरतं म्हणून बघत राहा. खड्डे खोल दिसले तर गोळी घालायच्या आधी लायसनधारक दुरुस्तीवाल्याला दाखवा. पुढच्या वेळी जमा करायच्या आदल्या दिवशी कार्बन काढा, आत-बाहेर जाडसर तेल किंवा ग्रीस लावा, चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये देऊ नका, पावतीवर रायफलीची अवस्था लिहून घ्या. आणि परत आणल्यावर ते सगळं ग्रीस नळीतून आणि चेंबरमधून निघाल्याशिवाय त्यात काडतूस घालू नका.