डिसलोकेशन आणि जमिनीतला फॉल्ट, दोन्हीला मराठीत 'सरकणे' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. तुमचं म्हणणं असं की खांदा डिसलोकेट होतो, खडकात फॉल्ट पडतो, दोन्हीकडे काहीतरी जागचं हलतंच, मग साधा 'सरकणे' का नको. मी इंदुरात 22 वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं आणि अशाच एका ढोबळ शब्दापायी आमच्या घरात जे झालं ते विसरता येत नाही, म्हणून लिहितोय.

2009 च्या पावसाळ्यात आई मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली. गल्लीतल्या डॉक्टरांनी हात बघितला नि म्हणाले, कंधा उतर गया है, एक्स-रे करवा लो. आमच्याकडे मराठी घरांतही खांदा 'उतरतो'च, निखळला असं कोणी म्हणत नाही. मी कॉलेजात शिकवत होतो, घरी काका होते, ते म्हणाले उतरलाय ना, मग चढवून आणू, एक्स-रे कशाला, आणि आईला रिक्षात घालून हाडवैद्याकडे घेऊन गेले. त्याने तिच्या बगलेत टाच रोवून हात ओढला. संध्याकाळी मी आलो तर हात कोपरापर्यंत काळानिळा, आणि दंडाला बाहेरून बोट लावलं तर तिला कळेना. रात्री एक्स-रे काढला. खांदा निखळला होताच, पण दंडाचं हाडही वर, त्याच्या गोल डोक्याच्या खाली, मोडून तुकडा सरकला होता, आणि दंडाला बाहेरून स्पर्श कळवणारी नस नेमकी तिथूनच वळसा घालून जाते. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण तो हात परत वर गेला नाही. फडताळातला वरचा डबा ती शेवटपर्यंत डाव्या हातानेच काढायची.

आता खडकाचं बघा. देवास जिल्ह्यात बागलीजवळ कावडिया पहाड आहे, बेसॉल्टचे कोनदार खांब रचल्यासारखे पडलेत, दगडाने ठोकले तर वाजतात. लाव्हा थंड होताना आकसला, तडे गेले, पण तड्याच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या नाहीत, याला आम्ही जॉइंट म्हणतो. एक बाजू दुसरीवरून सरकली तरच फॉल्ट, मराठीत प्रस्तरभंग, आमची हिंदी मीडियमची मुलं भ्रंश म्हणायची. त्यातही उभं किती सरकलं तो थ्रो आणि आडवं किती गेलं तो हीव, दोन्ही वेगळे मोजायचे. नर्मदा अशाच भ्रंशांमध्ये खचलेल्या दरीतून वाहते, 22 मे 1997 चा जबलपूरचा 5.8 चा भूकंप तिथल्याच भ्रंशावरचा.

म्हणजे आमचा जॉइंट हे नुसता तडा गेलेलं हाड, आणि फॉल्ट हे मोडून तुकडा सरकलेलं हाड. निखळलेला खांदा या दोन्हीत बसत नाही, तिथे मोडलेलं काही नसायलाही हरकत नाही, दोन वेगळी हाडं एकमेकांना सोडतात. सुश्रुताने हे केव्हाच वेगळं केलंय, सांधा सुटला तर संधिमुक्त, त्याचे 6 प्रकार, हाड मोडलं तर कांडभग्न, त्याचे 12. त्यामुळे सांध्याला निखळणे, हाडाच्या तुकड्याला सरकणे, खडकाला प्रस्तरभंग किंवा भ्रंश, आणि पुस्तकी 'विस्थापन' कुठेच नको, नर्मदेकाठी तो शब्द 2004 मध्ये इंदिरा सागर धरणासाठी उठवलेल्या हरसूद गावच्या माणसांचा आहे.

घरात कोणी पडलं तर विचारा, हाड मोडलंय का, मोडलं असेल तर तुकडे जागेवर आहेत का, सांधा निखळलाय का. तीन प्रश्न आहेत, तिन्हीची उत्तरं वेगळी घ्या, आणि एक्स-रे बघितल्याशिवाय कोणालाही हात ओढू देऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो. मी डॉक्टर नाही हे सांगायला हवं. ऑपरेशन करणाऱ्यांनीही सांगितलं होतं की नस पडतानाच दुखावली असेल, नक्की सांगता येत नाही. बोलीतला 'उतरणे' चुकीचा आहे असंही मी म्हणत नाही, आजीपण तोच वापरायची.

पण काका अजून दर दिवाळीला म्हणतात, उतरलाच होता की. उतरला होता काका, आणि मोडलाही होता, फिल्म माझ्या कपाटात आहे.