मराठवाड्यातून पॉप गाण्यांमध्ये डान्सर म्हणून करिअर करता येतं का? कॉलेज सोडून मुंबईला जाऊ का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू अंबाजोगाईची, १९ वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गॅदरिंग आणि युवक महोत्सव गाजवतेस, इन्स्टाग्रामवर ११ हजार फॉलोअर्स आहेत. गाण्यांच्या व्हिडिओत आणि गायकांच्या मोठ्या शोमध्ये डान्सर व्हायचंय, घरचे नाही म्हणतात.

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझ्या क्लासमधल्या पोरी तुझ्याच वयाच्या आहेत. मी सेलूची. २०११ साली देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला गेले आणि आठ वर्षं गाण्यांमध्ये नि स्टेज शोमध्ये मागे नाचले. आता परभणीत शिकवते. वर्षातून चार-सहा वेळा बोलावणं येतं, तेव्हा अजूनही जाते. 'मागे' हा शब्द मुद्दाम लिहिलाय, कारण तू विचारतेस ते काम मागचंच आहे. आणि ते नेमकं काय असतं, हे तिथे जाऊन तोंडावर आपटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

पहिली ऑडिशन अंधेरी पश्चिमेच्या एका रिहर्सल हॉलमध्ये होती. दीडेकशे मुलंमुली, छातीवर पिनेने लावलेला नंबर. मास्टरजी (कोरिओग्राफर) आलेच नाहीत. त्यांच्या असिस्टंटने दहा मिनिटांत चार आठ शिकवले (तिथे सगळं आठांत मोजतात, एक आठ म्हणजे आठ मात्रांचा तुकडा), दोनदा गाण्यावर करून घेतले आणि लगेच आठ-आठ जणांचे गट पाडले. मी दुसऱ्या ओळीत. माझ्या पुढची मुलगी भन्नाट होती, तिच्यावर नजर ठेवून मी निभावून नेलं. मग तो म्हणाला, "लाइन चेंज." पुढची ओळ मागे, मागची पुढे. आता समोर ती मुलगी नाही, आरसा नाही, नुसता तो आणि त्याच्या हातातला चहाचा कागदी कप. तिसऱ्या आठात माझं डोकं कोरं झालं. तरी मी काहीतरी हात हलवत राहिले. तो जवळ आला आणि म्हणाला, "तुझे हात एवढ्यातच का संपतात?"

याचं उत्तर मला रात्री खोलीवर आल्यावर कळलं. सेलूत मी घरच्या लोखंडी कपाटाच्या आरशासमोर नाचायचे. दोन फूट रुंद आरसा. कोपर त्याच्याबाहेर गेलं की दिसायचं नाही, म्हणून मी नकळत कपाटाएवढीच नाचायला शिकले होते. तुझे रील्स मी पाहिलेले नाहीत, पण मोबाइलची उभी चौकट त्या कपाटासारखीच असते. एका जागी उभं राहून, कमरेच्या वर, पंधरा-वीस सेकंद. स्टेजवर तेवढ्याच वेळात तीन फॉर्मेशन बदलतात आणि आठ पावलं तिरकी जाऊन दोघींच्या मधल्या फटीत उभं राहावं लागतं, शेजारणीला न धडकता. शिवाय सेल्फी कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतं. व्हिडिओ बघून शिकलेल्या मुलांचं निम्मं नाचणं उलट्या बाजूचं असतं, आणि हॉलमध्ये शिकवणारा त्यांच्याकडे पाठ फिरवून उभा राहिला की त्यांची तारांबळ उडते.

म्हणून मुंबईचं तिकीट काढण्याआधी एक कर. एखाद्या मैत्रिणीला किंवा भावाला तुला माहीत नसलेल्या गाण्याचे चार आठ बसवायला सांग. त्याने दहा मिनिटांत शिकवायचं, तू भिंतीकडे तोंड करून नाचून दाखवायचं, मग तेच डाव्याऐवजी उजवीकडून. दुसऱ्या दिवशी सकाळी, मधे एकदाही न बघता, परत. अशी पंचवीस-तीस गाणी झाली की आपण कुठे आहोत ते तुझं तुलाच कळेल. या धंद्यात पोटाला भाकरी मिळते ती याच गोष्टीची: दुसऱ्याचं नाचणं झटपट उचलणं आणि पहाटे चारला, सतराव्या टेकला, पहिल्या टेकसारखंच करणं. माझ्याहून कितीतरी सुंदर नाचणाऱ्या मुली दोन वर्षांत परत गेल्या. त्यांना स्वतःचं नाचायचं होतं. त्यात चूक काही नाही, पण ती वाट वेगळी आहे. ती क्रूची वाट. वसई-नालासोपाऱ्याची 'किंग्ज युनायटेड'ची पोरं त्या वाटेने २०१९ मध्ये अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' स्पर्धा जिंकली. तिथे स्वतःचा ग्रुप लागतो, वर्षानुवर्षांची तालीम लागते आणि पगार कुणी देत नाही.

शास्त्रीय शिकू का, असं तू विचारलं नाहीस, पण सांगते. सेलूत एका बाई कथक शिकवायच्या, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसवायच्या. मी मध्यमापर्यंत गेले आणि हिपहॉपचं वेड लागल्यावर सोडलं. मुंबईत तिसऱ्या का चौथ्या व्हिडिओला सेटवर नागरा सुरू झाला (गाणं वाजवणाऱ्या यंत्राला सेटवर अजून नागराच म्हणतात) आणि गाणं उंदराने गायल्यासारखं चिरक्या आवाजात धावायला लागलं. मला वाटलं बिघडलं. बिघडलं नव्हतं, शॉट हाय-स्पीडचा होता. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम घेतो, पडद्यावर ते निम्म्या वेगाने दिसतं. ओठ आणि पावलं गाण्याला जुळावीत म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावतात. पडद्यावर केस कसे अलगद उडतात ना, ते नाचताना आमचा जीव जातो. आजूबाजूला सगळे गडबडले आणि माझ्या पायांनी आपोआप दुगुण (दुप्पट लय) धरली. बाईंनी तत्काराची (कथकमधल्या पायांच्या मूळ कामाची) एकपट, दुगुण, चौगुण हाताने टाळी देत घोटून घेतली होती, त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. तुझ्या जवळपास गांधर्वच्या परीक्षांची तयारी करून घेणारं कुणी असेल तर जा. भरतनाट्यम असलं तरी चालेल.

आणि आपल्याकडचं आहे त्याची लाज बाळगू नकोस. हलगीवर नाचलेल्या पोराला ठेका शिकवावा लागत नाही. आमच्या घरात माळेगावच्या यात्रेतल्या लावणीचं नाव काढलं की आजी पदर तोंडाला लावायची. मी मुंबईत गेल्यावर ती लावणी यूट्यूबवर शोधून बघितली. एका ऑडिशनला फ्रीस्टाइल करा म्हणाले. माझ्याआधीच्या सगळ्यांनी तेच ते पॉपिंग केलं. मी इंग्रजी गाण्यावर लेझमीची पावलं टाकली. निवड झाली नाही. पण दोन महिन्यांनी त्याच असिस्टंटचा फोन आला, "वो लेझीमवाली लड़की है क्या?"

लाइव्ह शोचं थोडक्यात: गायकाला मधेच लोकांशी बोलावंसं वाटतं, बँड त्याच चार आठांवर फिरत राहतो, आणि तू चेहऱ्यावर हसू ठेवून पुढच्या खुणेची वाट बघत तेच करत राहतेस. मैदानातून परत येणारा आवाज उशिरा पोहोचतो, त्यावर पाय टाकलास तर गेलीस. कान स्टेजवरच्या मॉनिटरकडे (आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरकडे) ठेवायचा. बाकी तिथे गेल्यावर शिकशील.

आता पैसा. २०११ मध्ये आम्ही चौघी एका खोलीत, माझ्या वाट्याला साडेतीन हजार भाडं. पहिल्या व्हिडिओचे दीड हजार मिळाले, तेही चार महिन्यांनी. आजचे दर गाण्याच्या बजेटप्रमाणे आणि माणसाप्रमाणे इतके बदलतात की आकडा सांगून तुला फसवणार नाही. एवढं धर की पहिलं वर्ष या कामावर भागत नाही. मी लग्नांच्या संगीताच्या कोरिओग्राफी केल्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यावर जगले आणि जूनमध्ये उधारी. काम बहुतेक वेळा कोऑर्डिनेटरमार्फत (डान्सर पुरवणाऱ्या मध्यस्थामार्फत) येतं, पैसेही त्याच्याच हातून. एका कोऑर्डिनेटरने माझ्या तीन गाण्यांचे पैसे बुडवले. वर दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा आयकर) कापला म्हणाला. मी वर्षअखेरीला २६एएस (आपल्या नावावर किती कर भरला गेला ते दाखवणारा आयकर खात्याचा उतारा) काढून बघितलं तर तिथे शून्य. तेव्हापासून पॅन कार्ड स्वतःचं, खातं स्वतःचं, आणि कामाची तारीख-रक्कम आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. डान्सरांच्या असोसिएशनचं कार्ड लागतं म्हणून कुणी तुझ्याकडून पैसे मागितले तर मध्यस्थाला देऊ नकोस, असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन चौकशी कर. ऑडिशनला फी नसते. पोर्टफोलिओ आमच्याकडूनच काढा म्हणणाऱ्याला हात जोड. हॉटेलच्या खोलीत ऑडिशन नसते. आणि दुबई-बहारीनच्या शोसाठी टुरिस्ट व्हिसावर चल म्हणणाऱ्याबरोबर कितीही पैसे दिले तरी जायचं नाही. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

नावाबद्दल एक कायद्याची गोष्ट, जी मला सात वर्षांनी एका वकील मैत्रिणीने सांगितली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'परफॉर्मर'च्या व्याख्येत डान्सर आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीत एक मेख मारून ठेवलीय: चित्रपटात (कायद्याच्या लेखी व्हिडिओही त्यातच) ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच नाही, त्याला परफॉर्मर धरत नाहीत, काम विकृत करून वापरलं तर हरकत घेण्याचा हक्क तेवढा उरतो. म्हणून यूट्यूबच्या वर्णनात का होईना, डान्सर म्हणून सगळ्यांची नावं टाका असं म्हणायचं. पहिल्यांदा मी म्हटलं तेव्हा सगळे हसले. हल्ली काही जण टाकतात. तसं हे सगळीकडेच उशिरा सुचलं. अमेरिकेत एमटीव्ही १९८१ ला सुरू झालं आणि म्युझिक व्हिडिओतल्या डान्सरांसाठी तिथल्या युनियनचा मोठ्या कंपन्यांशी करार झाला २०१२ मध्ये. आपल्याकडे फिल्मफेअरने कोरिओग्राफीला पुरस्कार द्यायला १९८९ मध्ये सुरुवात केली. पहिला मिळाला सरोज खान यांना, ज्या स्वतः बी. सोहनलाल यांच्या हाताखाली मागे नाचत वर आल्या होत्या.

फॉलोअर्सचं म्हणशील तर ११ हजार कामाचे आहेत, नाही म्हणत नाही. हल्ली कोऑर्डिनेटर आधी प्रोफाइल मागतात. पण माझ्या क्लासमधल्या एका पोरीचे टिकटॉकवर लाखावर होते. २९ जून २०२० ला बंदी आली आणि सकाळी उठली तर काहीच नाही. तिला नाचता येत होतं म्हणून ती आज काम करते.

तर कॉलेज सोडू नकोस. बी.ए. पूर्ण कर, आणि येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने मुंबईला राहून ये. रोजच्या क्लासला पैसे भरून बस, जमतील तेवढ्या ऑडिशन दे, नापास हो, परत ये. नंतरही नाचच करायचा असं ठरलं तर पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत जुहूला नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. दोन्हीकडे नृत्यात पदवी मिळते, आणि घरच्यांना 'पदवी' हा शब्द कळतो. माझे वडील म्हणाले होते, "नाचायला मुंबई कशाला पाहिजे, इथं काय वराती कमी हायत?" मी भांडले नाही. दोन महिन्यांचा खर्च वहीत लिहून दाखवला, कुणाकडे राहणार त्या मावशीचा नंबर दिला. ते स्टेशनवर सोडायला आले, बोलले नाहीत, पण डब्यात पाण्याची बाटली ठेवून गेले.

आणखी एक, नडगीचं. आपल्या घरांत शहाबादी फरशी असते. तिच्यावर रोज तासभर उड्या मारल्या की वर्षभरात नडगी ठणकायला लागते. मला अजून थंडीत दुखते. मंगल कार्यालयाच्या स्टेजला लाकडी फळ्या असतात. लग्नसराई नसते तेव्हा वॉचमनला विचार, सकाळचे दोन तास देतात. मी तसंच केलं, बदल्यात त्याच्या मुलीला फुकट शिकवलं. बूट घालून नाच, अनवाणी नको. बॅगेत गुडघ्याचे पॅड, काळे कपडे दोन जोड, सेफ्टी पिना आणि आधारची झेरॉक्स ठेव. ऑडिशनला नंबर लावायला पिना तिथे कधीच पुरत नाहीत.