अर्जुनाला पॅनिक अटॅक आला होता का?

प्रश्न: सप्त्यात बुवा म्हणले अर्जुन मोहात पडला, पुतण्या म्हणतो काका तो पॅनिक अटॅक होता. खरं काय? (एक वाचक, परभणी)

उत्तर: काका, पुतण्या हुशार दिसतोय! गीतेचा पहिला अध्याय बघा ना, हातपाय गळालेत, तोंडाला कोरड, अंगाला कापरं, गांडीव हातातून सुटतंय, डोकं गरगरतंय, हे तालुक्याच्या डॉक्टरला सांगितलं तर तो आधी बीपीच बघंल. पण लगेच लेबल नको लावायला, बुवाही चूक नाहीत. मला तर युधिष्ठिराचं जास्त वाईट वाटतं, युद्ध जिंकलं आन् मग कुंती सांगती कर्ण तुमचा थोरला भाऊ होता, झालं, राज्य नको वनात जातो म्हणून बसला, भीम तर लई चिडला, शेवटी शरपंजरी पडलेल्या भीष्मांपुढं नेऊन बसवलं तवा कुठं मन मोकळं झालं, अख्खं शांतिपर्व बोलण्यातच गेलंय.