साम्राज्यांचं वय मोजायला बसताय, तर...

कुठलं साम्राज्य किती वर्षं टिकलं याची यादी करायला घेतलीत, छान. पण 'साम्राज्य साधारण अडीचशे वर्षं टिकतं' हे सगळीकडे फिरणारं वाक्य आधी बाजूला ठेवा. आरंभ आणि शेवट कुठला धरता, यावर सगळा आकडा हलतो.

मुघलांचंच घ्या. १५२६ ते १८५७, म्हणजे ३३१ वर्षं. पण १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली तेव्हा त्या सत्तेत दम किती उरला होता? पुढे १७७२ मध्ये मुघल बादशहा शाह आलम दुसरा दिल्लीला परतला तो मराठी फौजेच्या आधाराने, आणि १८०३ नंतर तर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या पेन्शनीवर जगला. नाणी मात्र त्याच्याच नावाने पडत होती, खुद्द कंपनीचीसुद्धा! म्हणून माझ्या तक्त्यात शेवटासाठी दोन रकाने असतात: कारभार कधी गेला आणि नाव कधी गेलं. तुम्हीही तसंच करा, पुढचे निम्मे वाद वाचतील.

रोमचा घोळ याहून मोठा. पश्चिमेकडचा भाग ४७६ मध्ये पडला, पूर्वेकडची राजधानी कॉन्स्टँटिनोपल १४५३ पर्यंत तगली. त्यातही १२०४ ते १२६१ राजधानीच हातात नव्हती. ही वर्षं धरायची की वगळायची, ते आधी ठरवा आणि तक्त्याखाली लिहून ठेवा.

आणि अल्पायुषी साम्राज्यं गाळू नका. चीनमधलं छिन साम्राज्य इ.स.पू. २२१ ते २०६, जेमतेम १५ वर्षं. पण त्याची प्रशासनाची चौकट हान राजवटीने बरीचशी तशीच उचलली. सरासरीचा हट्ट असेलच, तर निदान मध्यकही (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) शेजारी मांडा.