झिको: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या वेळी फुटबॉलमधल्या फ्री किकबद्दल लिहिताना ब्राझीलचा जुना खेळाडू झिको याचं नाव ओझरतं घेतलं होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातले पाच प्रश्न आज घेतो.

झिको हे त्याचं खरं नाव आहे का? (एक वाचक, ठाणे)

नाही. खरं नाव आर्तुर आंतुनेस कोइंब्रा. जन्म 3 मार्च 1953, रिओ दि जानेरोच्या किंतिनो या साध्या वस्तीत. आर्तुरचं घरात लाडाने आर्तुरझिन्यो झालं, मग आर्तुरझिको, आणि शेवटी नुसता झिको. वडील पोर्तुगालहून आलेले. मोठे भाऊही फुटबॉलवालेच.

आमच्या पेठेत वर्ल्ड कप आला की अर्धी गल्ली ब्राझीलची आणि अर्धी अर्जेंटिनाची. वडील अजून झिकोचं नाव घेतात. पण समोरचे म्हणतात, वर्ल्ड कपच नाही तर मोठेपण कसलं? त्यांना काय सांगू? (एक वाचक, कोल्हापूर)

वडिलांना सांगा, एक पाऊलही मागे घेऊ नका. झिको 1978, 1982 आणि 1986 असे तीन वर्ल्ड कप खेळला आणि एकही जिंकला नाही, हे खरं आहे. पण तो कसा हरला, हे ज्यांनी पाहिलंय ते असा प्रश्न विचारत नाहीत.

1982चा ब्राझील म्हणजे कोच तेले सांतानाचा संघ. झिको, सोक्रातेस, फाल्काव, सेरेझो हे चौघे एकाच वेळी मधल्या फळीत. झिकोने त्या स्पर्धेत चार गोल केले. 5 जुलैला बार्सिलोनाच्या सारिया स्टेडियमवर इटलीशी नुसती बरोबरी केली असती तरी ब्राझील उपांत्य फेरीत जात होता. जेंतिले हा बचावपटू दिवसभर झिकोच्या अंगाला चिकटून होता. पाचव्याच मिनिटाला रॉसीने इटलीचा गोल केला. त्यानंतर थोड्याच वेळात झिकोने एका वळणात जेंतिलेला चकवलं आणि सोक्रातेसला असा पास दिला की त्याला फक्त गोलात मारायचं उरलं होतं. पुढे जेंतिलेने त्याची जर्सी अशी ओढली की ती फाटली. झिको रेफरीला फाटलेलं कापड दाखवत राहिला, पण त्यातून काही निष्पन्न झालं नाही. रॉसीने तीन गोल केले आणि 3-2 अशी मॅच गेली. बरोबरी पुरत असतानाही तो संघ जिंकायलाच खेळत राहिला. काही जण याला चूक म्हणतात. मी नाही म्हणत. फुटबॉल आवडायला लागला तो अशाच संघांमुळे.

1986ची जखम जास्त खोल आहे. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये बांगू क्लबच्या एका खेळाडूने केलेल्या भयंकर टॅकलने झिकोचा गुडघा मोडला होता. शस्त्रक्रिया झाल्या, पण मेक्सिकोला तो अर्धवट बरा होऊनच गेला. 21 जूनची फ्रान्सविरुद्धची मॅच आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाली. मी ती शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर जमिनीवर बसून पाहिली. 1-1 असताना झिको बदली म्हणून आला आणि आल्या आल्या ब्रांकोला सुरेख पास दिला. गोलकीपर बात्सने ब्रांकोला पाडलं. पेनल्टी! पाय धड गरमही झाले नव्हते, पण बॉल घेतला झिकोनेच. बात्सने अडवला. खोलीतला कुणीतरी म्हणाला, "संपलं." खरं तर संपलं नव्हतं. पेनल्टींच्या टायब्रेकरमध्ये झिको पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहिला आणि या वेळी गोल केला. चुकले ते सोक्रातेस आणि जुलिओ सेझार. तरीही आजवर लोक झिकोचीच पेनल्टी सांगतात. तासाभरापूर्वी चुकलेला माणूस पुन्हा त्याच बिंदूवर बॉल ठेवायला जातो, याला काय लागत असेल याचा विचार करा.

आणि समोरच्यांना 1981ही ऐकवा. झिकोच्या फ्लामेंगो क्लबने कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा कप जिंकला, तेव्हा मोंतेविदेओतल्या निर्णायक मॅचमधले दोन्ही गोल झिकोचे होते. त्याच डिसेंबरात टोकियोला त्यांनी युरोपच्या विजेत्या लिव्हरपूलला 3-0 हरवलं. तिन्ही गोल पहिल्या हाफमध्ये झाले आणि तिन्हींच्या मुळाशी झिको होता. एकट्या माराकाना स्टेडियमवर त्याचे 330 हून अधिक गोल आहेत. पुढे इटलीत उदिनेसेसारख्या लहान क्लबकडून पहिल्याच मोसमात 19 गोल केले. त्या मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्या फ्रान्सच्या प्लातिनीपेक्षा फक्त एक कमी.

माझा 14 वर्षांचा मुलगा पायाने चलाख आहे, पण अंगाने काडी. निवड शिबिरातून "अंगात काही नाही" म्हणून परत पाठवला. आता तो जेवतही नाही नीट. (एक आई, नाशिक)

ताई, झिकोची हीच गोष्ट आहे. त्याला लहानपणी हॉलमधल्या फुटबॉलमध्ये गोलांचा पाऊस पाडताना सेल्सो गार्सिया या रेडिओ पत्रकाराने पाहिलं आणि 1967 साली फ्लामेंगोकडे नेलं. तिथेही पोरगं बघून लोकांनी नाक मुरडलं. इतका बारीक की खांद्याचा धक्का लागला तर आडवा होईल. फरक एवढाच की क्लबने त्याला घरी पाठवलं नाही. फ्रांकालासी नावाच्या व्यायाम प्रशिक्षकाच्या हाती दिलं. आहार ठरवला, व्यायाम ठरवला आणि काही वर्षं सबुरीने त्याचं शरीर घडवलं. पूर्ण वाढ झाल्यावरही उंची 172 सेंटीमीटर. त्याला "किंतिनोचं कोंबडं" हे नाव पडलं आणि ते त्याने अभिमानाने मिरवलं.

तुमच्या मुलाचं म्हणाल, तर डबे भरभरून मिळणाऱ्या पावडरींच्या नादी लागू नका. या वयात भाकरी, डाळ, अंडी, दूध आणि पुरेशी झोप एवढंच हवं. वजनं उचलायची घाई नको. मुख्य म्हणजे ज्याने त्याला परत पाठवलं, त्याने मुलाचं आजचं अंग पाहिलं. अठराव्या वर्षी ते कसं असेल हे त्याला माहीत नाही, तुम्हालाही नाही. तोवर दुसरा प्रशिक्षक शोधा, जो पाय बघेल.

एवढा मोठा खेळाडू, पण कोच म्हणून झिको चांगला होता की नाव चाललं? (एक वाचक, पुणे)

मी या प्रश्नावर बरीच वर्षं विचार केलाय. माझं मत असं की त्याचं कोच म्हणून सर्वांत मोठं काम तो कोच नसताना झालं.

1991मध्ये तो जपानला गेला. काशिमा हे छोटं गाव, तिथला पोलाद कंपनीचा संघ, तोही दुसऱ्या श्रेणीतला. 38 वर्षांच्या झिकोने तिथे गोल तर केलेच, पण व्यावसायिक खेळाडू म्हणजे काय हे त्या पोरांना रोज मैदानावर दाखवलं. 16 मे 1993ला जपानच्या व्यावसायिक जे-लीगमधल्या काशिमा अँटलर्सच्या (त्याच संघाचं नवं नाव) पहिल्याच मॅचमध्ये, चाळिशीत, त्याने हॅटट्रिक केली. आज जे-लीगची सर्वाधिक विजेतेपदं काशिमाकडे आहेत आणि स्टेडियमबाहेर झिकोचा पुतळा आहे. 2018मध्ये क्लबने पहिल्यांदा आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा पासष्टीचा झिको तांत्रिक संचालक म्हणून तिथेच होता.

2002 ते 2006 तो जपानच्या राष्ट्रीय संघाचा कोच होता. आधीचा कोच त्रुसिए याने प्रत्येकाला आखून दिलेल्या रेषेवर खेळवलं. झिको आला आणि म्हणाला, तुम्ही ठरवा. नाकाता, नाकामुरा, ओनो, इनामोतो या चौघांवर त्याने भरवसा टाकला. 2004च्या आशियाई कपात चीनमध्ये जॉर्डनविरुद्ध टायब्रेकर चालू होता. जपानचे पहिले दोघे किक मारताना घसरले. कर्णधार मियामोतो सरळ रेफरीकडे गेला आणि दुसऱ्या बाजूचा गोल मागितला, कारण त्या जागेवरची माती सुटली होती. रेफरीने मान्य केलं, जपान ती मॅच जिंकला आणि पुढे कपही. खेळाडूला स्वतः विचार करायची सवय लावली की असं होतं. त्याच वर्षी वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत त्यांनी आपल्यालाही सैतामात 7-0 आणि कोलकात्यात 4-0 हरवलं होतं.

पण त्याच भरवशाची दुसरी बाजू 2006मध्ये दिसली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध 84व्या मिनिटापर्यंत जपान 1-0 पुढे होता. शेवटी 3-1 हरला. संघ दमला होता, आणि अशा वेळी बाकावरून कुणीतरी लगाम खेचायला हवा होता. झिकोला ते कधीच नीट जमलं नाही.

पुढे फेनरबाचेला 2007मध्ये तुर्कस्तानचं विजेतेपद आणि दुसऱ्या वर्षी चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, हे भक्कम काम. त्यानंतर ताश्कंद, मॉस्को, ग्रीस, इराक, कतार. कुठेच फार काळ मुळं धरली नाहीत.

आमच्या गोंयात तीन मोसम राहून झिकोने मागे काय ठेवलं? (एक वाचक, मडगाव)

2014 ते 2016 तो इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचा कोच होता. पहिल्या वर्षी उपांत्य फेरीत टायब्रेकरवर हार, तिसऱ्या वर्षी तळाचा क्रमांक. मधलं 2015चं वर्ष मात्र विसरता येत नाही. नोव्हेंबरात फातोर्ड्यावर मुंबई सिटीला 7-0 हरवलं. दुदू आणि हाओकिप, एकाच मॅचमध्ये दोघांची हॅटट्रिक. फायनलही घरच्याच मैदानावर. 87व्या मिनिटाला गोवा 2-1 पुढे गेला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. मग नव्वदाव्या मिनिटाला स्वयंगोल, आणि वाढीव वेळेत चेन्नईच्या मेंदोझाचा गोल. काकांनी हात सोडला आणि खाली बसले. पुन्हा तीच गोष्ट, जिंकत आलेली मॅच शेवटी निसटली. मला त्या रात्री ऑस्ट्रेलियाची मॅच आठवली.

पण मागे काय ठेवलं म्हणाल, तर मंदार राव देसाई आणि रोमिओ फर्नांडिस ही नावं बघा. गोव्याच्याच या पोरांना त्याने परदेशी खेळाडूंच्या सावलीत न ठेवता पुढे खेळवलं. रोमिओ तर 2015मध्ये ब्राझीलच्या आत्लेतिको परानाएन्से क्लबात खेळायला गेला. एका सासष्टीच्या पोराने ब्राझीलमध्ये जाऊन बूट बांधणं, हे त्याआधी कुणी बोललं असतं तर आपण हसलो असतो.

जाता जाता, रत्नागिरीच्या एका मुलाने विचारलंय की झिकोसारखी फ्री किक कशी शिकू. तर बाळा, झिको सराव संपल्यावर थांबायचा आणि गोलच्या वरच्या कोपऱ्यात जर्सी टांगून तिच्यावर नेम धरायचा. 1982मध्ये स्कॉटलंडविरुद्ध त्याने असाच बॉल बचावपटूंच्या भिंतीवरून कोपऱ्यात घातला आणि गोलकीपर जागचा हलला नाही. तूही जुनी बनियन टांग. टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, मारायला पायाची आतली बाजू, आणि मारल्यावर पाय अर्ध्यात थांबवायचा नाही. आधी भिंत नको, नुसता कोपरा. बॉल झुडपातून काढून आणायला एक मित्र सोबत घे, आणि दहा किका झाल्या की जागा बदला.