डिफरन्शियलचं तेल बदलताना

जुनी ॲम्बॅसेडर घेतलीस, फार छान केलंस. आता इंजिनइतकंच मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलकडेही, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीकडेही लक्ष दे. आतले हायपॉइड (वळणदार तिरक्या दात्यांचे) गिअर एकमेकांवर घसटत फिरतात, म्हणून जास्त दाब सोसणारं ईपी ९० गिअर ऑइलच घाल. गाडी थोडी फिरवून आण, तेल कोमट असतानाच काढ. पण आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघ, मगच खालचा, तेल काढायचा बोल्ट खोल. मी एकदा उलट केलं: तेल सगळं ट्रेमध्ये, वरचा बोल्ट गंजून जाम, गाडी चार दिवस उभी. निघालेलं तेल बोटांत चोळून बघ. चकचकीत बारीक कीस जाणवला तर ठीक, टोचणारे तुकडे लागले तर गिअर-बेअरिंग उघडून तपास. नवं तेल गाडी सपाट जागी ठेवून, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भर. जास्त झालं की सीलमधून ब्रेक ड्रममध्ये उतरतं आणि लायनिंग भिजतं. ब्रीदर (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) तुंबला तरी तेच होतं, तोही पुसून घे.