गाय उलटते, जनुकीय तपासणी करावी काय?

प्रश्न : माझ्याकडे पाच संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आहेत. त्यांतील दिवसाला 22 लिटर दूध देणारी गाय तिसऱ्या वेतानंतर चार वेळा उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली. जनुकीय तपासणीत दुधाची आणि गाभण राहण्याची क्षमता कळते, असे ऐकले. ती करावी काय? तिची कालवड ठेवावी काय?
— एक पशुपालक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : गाय का उलटते, हे या तपासणीतून कळणार नाही, कालवडीविषयी मात्र थोडाफार अंदाज येईल. गायीगायींच्या दुधात जो फरक दिसतो त्याचा साधारण पाव हिस्सा आनुवंशिक असतो, तर गाभण राहण्याच्या बाबतीत हे प्रमाण जेमतेम शेकडा 5 भरते. बाकी सारे चारा, ऊन, गर्भाशयाचे आरोग्य आणि रेतनाची वेळ यांवर अवलंबून असते. त्यातच या दोन गुणांचे आनुवंशिक नाते उलटे असल्यामुळे, केवळ दुधावर निवड होत गेली तेव्हा होल्स्टीन गायींची प्रजननक्षमता कित्येक दशके घसरत राहिली.

एकेका जनुकीय खुणेचा (डीएनएतील ठरावीक जागी जनावराजनावरांत दिसणाऱ्या फरकाचा) प्रभाव बहुधा नगण्य असतो. चौदाव्या गुणसूत्रावरील डीजीएटी1 हे जनुक अपवाद. त्यातील एका बदलाने दुधाची फॅट ठळकपणे बदलते. म्हणून हजारो खुणा एकत्र मोजून जनावराचे आनुवंशिक मूल्य काढतात आणि अमेरिकेत 2009 पासून होल्स्टीन वळूंची अधिकृत मूल्ये अशीच निघतात. तेथील आकडे आपल्या संकरित गायींना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. याच कारणाने भारतीय गोवंशासाठी तयार केलेल्या गौचिप या जनुकीय खुणा तपासणाऱ्या चिपचे लोकार्पण 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम येथे झाले.

प्रजननाच्या बाबतीत या खुणांचा खरा उपयोग निराळाच आहे. चीफ नावाच्या, 1962 साली जन्मलेल्या अमेरिकन वळूने लेकींना भरघोस दूध दिले, पण त्याच्या एपीएएफ1 जनुकात दोष होता. असा दोष वाहणारे वळू आणि गाय दोघेही धडधाकट दिसतात. मात्र त्यांच्या संयोगातून राहणाऱ्या गर्भांपैकी सरासरी चौथा गर्भ पोटातच मरतो आणि मालकाला एवढेच दिसते की गाय पुन्हा माजावर आली. 2011 मध्ये हा दोष खुणांवरूनच उघड झाला; त्याला एचएच1 म्हणतात. तेव्हा रेतनासाठी गोठित वीर्याची कांडी घेताना वळू एचएच1 दोषमुक्त आहे काय, हे आवर्जून विचारावे.

तुमच्या गायीसाठी आधी माजाचा सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) पाहा. तो काचेसारखा स्वच्छ हवा. गढूळ असेल किंवा त्यात पुवाचे कण दिसत असतील, तर पुढचे रेतन थांबवून पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्यावे. सोट स्वच्छ असल्यास सकाळी माज दिसलेल्या गायीला संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसलेल्या गायीला दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे.

कालवड अवश्य ठेवा. फक्त तिच्या बापाचा वळू क्रमांक तिच्या कानातील 12 अंकी बिल्ल्याच्या नोंदीत आहे ना, हे आजच पाहून घ्या. नाहीतर दीड-दोन वर्षांनी त्याच वळूची कांडी तिला भरली जाईल आणि ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही.